भासऱ्यांची निर्मला आणि चाळीस टक्के

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, यांच्याइतका आपल्या घरच्या वस्तूंचा अभिमान असलेला माणूस अख्ख्या तेल्हारा तालुक्यात सापडणार नाही. त्यांच्या विहिरीचं पाणी गोड, त्यांचा बैल शहाणा, त्यांचं मांजरही दुसऱ्याच्या दुधाला तोंड लावत नाही. कापूस अळीनं खाल्ला, गावात कोणाच्या तोंडावर हसू उरलं नाही, त्या वर्षीही ते बोंड फोडून पाहुण्यांना दाखवत, "पाहा, कशी पोसली अळी! आमच्या वावरातली हाय." मी दाराआड पदर तोंडाला लावून हसे. भासऱ्यांसमोर बोलायची आमच्याकडे रीत नाही, आणि मला तसंही चारचौघांत बोलता येत नाही.

सगळ्यांत मोठा अभिमान मात्र निर्मलाचा. त्यांच्या या लेकीचा डावा हात लहानपणच्या तापात वाळला. तिला एका हातानं वेणी घालता यावी म्हणून भासरे आधी स्वतः दोरीवर शिकले, एक टोक दातांत धरून. मग येणाऱ्याजाणाऱ्याला अंगणात बसवून तिची वेणी पाहायला लावत.

बारावीनंतर तिला अमरावतीला शिकायचं होतं. अपंगांची शिष्यवृत्ती मिळाली तरच ते जमणार होतं, आणि त्यासाठी चाळीस टक्के अपंग असल्याचा दाखला लागत होता. जाऊबाईंना एसटी लागते, म्हणून अकोल्याच्या दवाखान्यात सोबत मी गेले. डॉक्टरांनी हात मोजला, वाकवून पाहिला आणि विचारलं, "घरकाम जमतं का?"

निर्मलानं तोंड उघडायच्या आत भासरे उभे राहिले. "जमते काय म्हंता साहेब! दोन हातवालीले हारवते. निमे, सोड वेणी, दाखव साहेबाले!"

तिनं घालून दाखवली. डॉक्टर खूश झाले. पस्तीस टक्के लिहिले.

भासरे हसत बाहेर आले. "पाहा, पस्तीसच टक्के खोट निंगाली आपल्या पोरीत!"

"बाबा," निर्मला म्हणाली, "आपण नापास झालो."

फेरतपासणीला आम्ही तिघं पुन्हा गेलो, तेव्हा भासऱ्यांनी तोंडात सुपारी धरली, बोलायचंच नाही म्हणून. या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "काय काय जमत नाही?" निर्मला आठवत राहिली. तिच्यासमोर त्या घरात 'तुला हे जमत नाही' असं कोणी कधी बोललंच नव्हतं. डॉक्टर कागद बाजूला सारू लागले, तेव्हा भासऱ्यांनी सुपारी हातात काढली आणि मान खाली घालून बोलायला लागले.

"ओला कपडा पिळता येत नाई तिले. मी पिळतो, तिले वाटते, माय पिळते. चुलीवरचा गरम गंज उतरवता येत नाई. लिहितानी वही सरकते. एसटीच्या गर्दीत दांडा धरला तं पिशवी कुठं धरन? झोपीत तो हात अंगाखाली दबते, तिले समजत नाई. मी उठून काढतो."

दाखला मिळाला. शिष्यवृत्तीही मिळाली, निर्मला अमरावतीला गेली. पण मला आठवते ती त्या दिवशीची परतीची एसटी. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. निर्मलानं हळूच विचारलं, "बाबा, तुमाले हे समदं माईत होतं?"

"मले काय माईत?" भासरे म्हणाले. "मनानंच लावून देल्लं. साहेबाले पटाले पाहिजे न."

थोड्या वेळानं तिनं खांद्यावरची पिशवी काढून त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली, आणि अकोट येईपर्यंत एकाही माणसाला काही सांगितलं नाही.