बहिणीच्या वाटची टोचणी

"हिला तर टोचलं होतं," देवीची लस टोचणारा टिकेवाला बाबू म्हणाला आणि वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवून आमच्या दारात उभा राहिला.

आतल्या खोलीत माझी धाकटी बहीण निंबाच्या पाल्यावर पडली होती. सहा वर्षांची. तोंडावर, हातांवर, तळपायांवरसुद्धा फोड होते. डोळे सुजून मिटले होते. बाहेर चैताचं ऊन तापलं होतं आणि ती विचारत होती, "माय, दिवा काऊन नाई लावला?"

देवीच्या रोगाला आमच्याकडे माता म्हणायचे. माता आली की रोग म्हणायचं नाही, पाहुणी आली म्हणायचं. घरात फोडणी द्यायची नाही, परक्याला आत घ्यायचं नाही. बाबूला हे माहीत असावं. त्यानं बूट काढले होते आणि उंबरठ्याच्या बाहेरूनच तो पाहत होता. मागं अंगणात गाव जमलं होतं. माझा बाप गावचा कोतवाल. त्यानंच सकाळी दवंडी पिटून लोकांना बोलावलं होतं, की गावात माता आली आहे, ज्यांनी आधी टोचून घेतलं नाही त्यांनी आज टोचून घ्या.

"टोचूनबी आलीच ना मग?" शेजारची बाई म्हणाली. "कायले आमच्या लेकराइले भोसकता, बाबू?"

"कोतवालाच्याच पोरीले आली," मागून कोणी तरी बोललं. "टिका नाई, पानी आहे थे. सरकारी पानी."

लोक हसले. मग एकेक बाई आपलं लेकरू कडेवर घेऊन निघाली. बाप डफ हातात धरून नुसता उभा होता. बाबूनं पेटी झाकली. लस उन्हात टिकत नाही, त्याला दुपारच्या आत पुढचं गाव गाठायचं होतं. तो गेला की पावसाळा संपेपर्यंत कोणी येणार नव्हतं.

मी नऊ वर्षांची होते. उंबरठ्यातून आत जात होते, बाहेर येत होते. पायाला थारा नव्हता. लुगड्याचा एक तुकडा मी पांघरला होता आणि त्याखाली दोन्ही दंड झाकले होते. बाबूच्या वहीत काय खोटं आहे ते गावात दोघींनाच ठाऊक होतं, मला आणि मायला.

झालं होतं ते असं. धानाची मळणी आटोपल्यावर हाच बाबू पहिल्यांदा आला होता. तेव्हा आमचं सरकार नागपुरात बसायचं, आणि तिथून हुकूम निघाला होता की एकही लेकरू सोडायचं नाही. नागभीडहून बाबू सायकलनं यायचा. बापानं घरोघरच्या लेकरांची यादी करून दिली होती. यादी पुरी झाली नाही तर कोतवालाला बोलणी बसायची, म्हणून पहिली नावं आमच्याच घरची होती. माझं आणि बहिणीचं.

पण बहीण नवसाची होती. तिच्या आधीची दोन लेकरं मायनं मातेत घालवली होती. ही झाली तेव्हा माय गावाबाहेरच्या निंबाखालच्या मातामायपुढं नवस बोलली होती, की ही जगू दे, सात वर्षांची होईपर्यंत हिला टोचणार नाही. मायच्या मनात तेव्हा कान-नाक टोचणं होतं. आमच्यात मुलगी रांगायच्या आधी कान टोचतात. बहिणीचे कान सहा वर्षांची झाली तरी कोरे होते. आता सरकारचा माणूस टोचायला आला, आणि मायला दोन्ही टोचणं एकच वाटलं. शब्द एकच होता. बोलली ते बोलली.

बापाला तिनं विचारलं नाही. तो लांबच्या टोल्यावर, चार घरांच्या वस्तीवर, लोकांना आणायला गेला होता. मायनं बहिणीला धान साठवायच्या ढोलीमागं बसवलं. मी नुकतीच टोचून आले होते, डावा दंड चुरचुरत होता. मायनं माझी वेणी सोडली, केस विंचरून मोकळे केले आणि बहिणीचं झंपर माझ्या अंगात कोंबलं. ते काखेत फाटलं.

"जाय, तिच्या वाटचंबी तूच घे. उजवा हात देजो."

"मले दुखते ना व माय."

"दुखते त दुखू दे. मरून नाई राह्यली."

बाबूपुढं शंभर हात यायचे. तो तोंड पाहत नसे, हात पाहायचा. काचेच्या बारीक नळीतला थेंब दंडावर ठेवायचा आणि दातेरी फिरकी दाबून फिरवायचा. मी उजवा हात दिला. त्यानं बहिणीचं नाव पुकारून वहीत खूण केली. आठव्या दिवशी टिका धरला की नाही पाहायला आला, तेव्हाही आम्ही तेच केलं. दोन्ही दंडांवर गोल फोड येऊन ते सुजले होते, मला ताप चढला होता; बापापुढं माय उजवा दंड झाकून ठेवायची. बहीण माझ्याभोवती नाचत होती. "बाई, तुले दोन्हीकून बांगड्या भरल्या! मले एकबी नाई!"

चैतात मोहफुलं वेचायला बाहेरगावची माणसं आली. त्यांच्यातल्या एकाच्या घरात माता होती. ती आमच्या घरी आली.

आता बाबू पेटीचा पट्टा बांधत होता. तो बापाला म्हणाला, "दंड दाखवता का तिचा? वण असेल." बाप आत गेला आणि परत आला. दंडावर फोडांशिवाय काही दिसत नव्हतं. मायनं मान खाली घातली होती, निंबाच्या डहाळीनं वारा घालत होती. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. बोलू नको, असं.

मी बोलले. खरं बोलावं म्हणून नव्हे. मला तिथं उभंच राहवत नव्हतं. लुगड्याचा तुकडा टाकला आणि दोन्ही दंड बाबूपुढं धरले.

"तिले नाई टोचलं. तिच्या वाटचंबी मलेच टोचलं."

बाबूनं आधी डावा पाहिला, मग उजवा. दोन्हीकडं ताजे वण. त्यानं पहिल्यांदा माझं तोंड पाहिलं.

"कोणी सांगितलं तुला?"

मी मायचं नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. बाप आत वळला आणि म्हणाला, "काऊन व?" माय वारा घालतच राहिली. "नवस होता," एवढंच म्हणाली.

शेजारची बाई फाटकातून परत आली. तिनं माझे दंड दाबून पाहिले, वांगी घेताना दाबतात तसे. "अव, या पोरीले दोन लागले आन् हिले काही नाई झालं. मातेच्या घरात निजते, तरी नाई झालं." मग तिनं आपल्या लेकराची बाही वर केली. "घ्या बाबू. पन जरा हळू."

पुढचं गाव उद्यावर टाकून, पेटी सावलीत ठेवून बाबू दुपार कलेपर्यंत आमच्या अंगणात टोचत बसला. बापानंही हात दिला. त्याला लहानपणी टोचलंच नव्हतं. बाबू मायला म्हणाला, "बाई, तुम्हीही घ्या. तुम्ही तर तिच्याजवळच बसता."

"मी बोलल्याले टिकली नाई," माय म्हणाली. "पोरीच्या नावानं टोचनं झालंच ना. आता मीच सुई घेतली त मातामाय पोरीले नेईल. मले राहू द्या."

बाप ओरडला. बाबूनं दोनदा समजावलं. मीही हात धरून ओढलं. ती उठली नाही. लोक म्हणतात, आईची माया. मी तिला अडाणी म्हणत होते, अजून म्हणते. ती सौदा करत होती, आणि समोरची पार्टी निंबाखालचा दगड होता.

बहिणीच्या खपल्या गळायला लागल्या त्याच आठवड्यात मायला ताप भरला. तिच्याजवळ मीच बसायचे. मला भीती नव्हती, दोन्ही दंड पुरेसे होते.

माय वाचली नाही. बाप, मी आणि बहीण जगलो. बहिणीचा डावा डोळा गेला.