शाकाहारी समुद्र

चादरीचं दुकान चालवणाऱ्या माणसाला जगातलं सगळं कळतं असा काही नियम नाही, पण सोलापुरातल्या महादेवप्पांच्या घरात तो लग्नाच्या दिवसापासून लागू होता. पाऊस कधी पडणार, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ शोभेल, डॉक्टरनं दिलेली गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे सगळं तेच ठरवत. शरणम्मा दुधनीहून सून होऊन आली तेव्हा ती या ज्ञानाला भ्यायची. पुढं सवय झाली. साठी उलटल्यावर तिला त्याचा नुसता वीट आला होता. पण ते तिनं बोलून दाखवलं नव्हतं, कारण बोलली असती तर वीट का येतो हेसुद्धा महादेवप्पांनी तिला समजावून सांगितलं असतं.

तिला स्वतःला एकच गोष्ट धड येते असं घरात मानलं जाई. ती म्हणजे कडक भाकरी. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, भाजायची आणि मग चुलीच्या धगीला उभी करून वाळवायची, की ती पापडासारखी कुडकुडीत होते आणि महिना महिना टिकते. तरुणपणी महादेवप्पा चादरींचे नमुने घेऊन कोकणात फिरायचे, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला. प्रत्येक फेरीला शरणम्मा फडक्यात भाकऱ्या आणि डब्यात शेंगाचटणी बांधून द्यायची. परत आले की ते ओट्यावर बसून गल्लीला समुद्र सांगायचे. लाट कशी उठते हे खांद्यावरचा टॉवेल झटकून दाखवायचे. शरणम्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची. लाट तिनं आजवर पाहिली ती तेवढीच, टॉवेलाची.

यंदा तिचे गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी उन्हाळ्यात ऑपरेशन करू म्हटलं. एकदा ते झालं की वाळूत चालणं आपल्याच्यानं होणार नाही, अशी धास्ती तिनं घेतली होती. त्याच सुमारास नातीनं, काव्यानं, मोबाइलवर एक फोटो दाखवला. सुरूच्या झाडांत लाकडी केबिनी, बाहेर शेकोटी, आणि लगेच पाणी.

"अज्जी, तीन पायऱ्या उतरल्या की समुद्र. कॉलेजच्या पोरी जाऊन आल्या हितं."

शरणम्मानं फोटो बराच वेळ धरून ठेवला. मग जेवायला बसलेल्या सगळ्यांसमोर म्हणाली, "मला हितं जायचंय. गुडघे हायत तवर एकदा पाण्यात उभं राहायचंय."

शरणम्माला काही हवं असू शकतं, याची कुणालाच सवय नव्हती. मग महादेवप्पांनी हात धुतला आणि सहलीची सूत्रं हाती घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बैठक बसली. महादेवप्पा, धाकटे दीर सोमलिंग, आणि मुलगा अनिलकुमार, जो वडिलांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवण्याच्या कामावर जन्मापासून होता. तारीख ठरायलाच पहिली संध्याकाळ गेली. येळवशीच्या अमावास्येला शेतात पूजेला जायचं असतं, ती चुकवायची नाही. पुढं गड्ड्याची जत्रा, तेव्हा गाव सोडायचं नाही. मधले चार दिवस सापडले तर त्यात सोमलिंगना कुणाच्या तरी साडूच्या मुलाचं लग्न आठवलं. त्या साडूला तोवर घरात कुणी ओळखतही नव्हतं.

तारीख एकदाची बसली आणि मग महादेवप्पांनी असा प्रश्न काढला, ज्याला फक्त शाकाहारी लोकांच्या घरात प्रश्न म्हणतात.

"खरं तितं स्वयंपाकघर कसलं हाय?"

काव्यानं फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडं केबिनवाला, गोड बोलणारा माणूस.

"नमस्कार. सोलापूरहून बोलतोय. तुमच्याकडं मासे होतात का?" महादेवप्पांनी दरडावून विचारलं.

"होतात तर! एकदम ताजे. सुरमई, बांगडा, पापलेट, तुम्ही सांगाल ते. होडी आपलीच आहे."

महादेवप्पांनी फोनकडं असं पाहिलं की जणू त्यातूनच बांगडा बाहेर पडणार होता. आपण लिंगायत, भांड्याला वास लागलेला चालत नाही, हे त्यांनी त्याला ऐकवलं. तो बिचारा म्हणाला, भांडी वेगळी ठेवू. तवा? तवाही वेगळा. करणारी बाई? ती हात धुईल.

"आणि वारं कुठून येतं?" सोमलिंगनी विचारलं.

"समुद्राकडून," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आता जरा शंका होती.

"म्हंजे वास येणार."

फोन ठेवला गेला. त्यानंतर महादेवप्पांनी कोकणाचा किनारा वरपासून खालपर्यंत फोनवर पालथा घातला. जो तो अभिमानानं माशांची नावं सांगे आणि महादेवप्पा तो अपमान समजून फोन ठेवत. अक्कलकोटचा आचारी गॅससकट न्यायचा, अशीही एक योजना निघाली. शरणम्मा आत ज्वारीचं पीठ मळत ऐकत होती. समुद्राकाठी जाऊन मासे नसलेली जागा शोधायची, म्हणजे गड्ड्यावर जाऊन माणसं नसलेली जागा शोधायची. एवढी अक्कल घरातल्या तीन बाप्यांत मिळून नव्हती. पण गप्प राहिली. बोललं की हे रुसतात, रुसले की बेत मोडतो, आणि या वेळी तिला बेत मोडायला नको होता. तव्यावरची भाकरी मात्र तिनं अशी आपटली की काव्या आत बघायला आली.

"अज्जी, काय झालं?"

"काय न्हाई. समुद्राला आदी लिंगदीक्षा द्या म्हणावं, मग बघायला जाऊ."

आणि एका संध्याकाळी महादेवप्पा जिंकून आल्यासारखे घरात शिरले. जागा मिळाली होती. लाकडी केबिन, शुद्ध शाकाहारी, कांदालसूणसुद्धा सांगितला तरच. शेकोटी, गाणी, पोहण्याचा टँक. पाटीवरच 'कोकण' लिहिलेलं. त्यांनी नक्कीही करून टाकलं होतं, कुणाला न विचारता.

"बघ, म्हटलं व्हतं ना. शोधणाऱ्याला सगळं मिळतं," ते शरणम्माला म्हणाले.

तिला खरंच बरं वाटलं. इतके दिवस मनातल्या मनात केलेली टिंगल तिला जराशी टोचलीसुद्धा. ती ओला हात पदराला पुसत बाहेर आली आणि तिनं एवढंच विचारलं, "तितनं पाणी किती लांब हाय?"

अनिलकुमारनं वडिलांकडं पाहिलं. वडिलांनी सोमलिंगकडं पाहिलं. हे कुणी विचारलंच नव्हतं. काव्यानं फोन लावला.

"मॅडम, आपली प्रॉपर्टी घाटावर आहे," पलीकडचा मॅनेजर म्हणाला. "हवा स्वच्छ असली की वरच्या पॉइंटवरून समुद्राची रेघ दिसते. गाडीनं जायचं तर दोन-अडीच तास. पण लोक जात नाहीत. आपल्याकडे टँक आहे ना."

काव्यानं फोन बंद केला. महादेवप्पांनी घसा साफ केला. "रेघ दिसती म्हणतोय की. आणि समुद्रात तरी काय असतंय? पाणी. मी बघितलाय ना, मला विचारा. मालवणात लॉजच्या खाली दिवसभर मासे तळायचे, वर आमी तुजी भाकरी खाऊन झोपायचो. सकाळी वाळूत बसून तीच भाकरी, चटणी. लाटा पायाला लागायच्या. तर सांगतो, त्यात बघण्यासारकं—"

"साकु," शरणम्मा म्हणाली.

घरात कन्नडमधून कुणी 'पुरे' म्हणालं की ते शेवटचं असतं, आणि आजवर ते फक्त महादेवप्पा म्हणत आले होते. ते थांबले.

"खाली मासे तळत व्हते?"

"व्हय. म्हणजे, लॉजच व्हतं ते..."

"आणि तुमी भाकरी खात व्हता. वास न्हाई आला?"

महादेवप्पांनी टॉवेलानं तोंड पुसलं. अनिलकुमारची मान डोलायची की नाही या विचारात अर्ध्यातच अडकली.

"ती भाकरी कशाला करत व्हते मी?" शरणम्मा म्हणाली. "कुनाच्या चुलीची गरज लागू नये म्हणून. हयातभर करत आले. माजी भाकरी वाळूत बसून समुद्र बगून आली, कितीदा. मी न्हाई गेले. आणि आज मला न्यायचं म्हटल्यावर तुमाला वास आला व्हय?"

सोमलिंग चपला शोधू लागले. शरणम्मानं काव्याकडं हात केला. "त्या पैल्या माणसाला लाव. होडीवाल्याला."

तो माणूस नंबर ओळखून जरा सावधच बोलला. शरणम्मानं फोन दोन्ही हातांनी धरला.

"दादा, तुमच्याकडं मासे होतात ना? होऊ द्या. आमाला नुसती खोली द्या, जेवण आमी आमचं आणतो. मी आणि माजी नात. पाणी किती लांब?"

"आजी, भरतीला पायरीपर्यंत येतं," तो म्हणाला. "पाय धुवायला उतरावंसुद्धा लागत नाही."

तिनं फोन काव्याच्या हातात दिला. काव्यानं तारखा सांगितल्या.

महादेवप्पा खुर्चीत सरकून बसले. टॉवेल खांद्यावरून मांडीवर घेतला, परत खांद्यावर टाकला. मग, कुणी विचारायच्या आत सांगण्याची सवय असलेल्या त्या माणसानं, विचारलं.

"आणि मी?"

"तुमी बगितलाय की," शरणम्मा म्हणाली.

ती आत गेली. वाळलेल्या भाकऱ्या तिनं फडक्यात रचल्या, चटणीचा डबा भरला. गाठ मारायच्या आधी त्यातल्या थोड्या भाकऱ्या काढून तिनं फळीवरच्या डब्यात ठेवल्या, घरी राहणाऱ्या माणसासाठी.