मस्कतची शेगडी आणि केशवापूरच्या टाचा

माझ्या मेव्हण्यानं मस्कतहून गॅसची शेगडी आणली, ती टेम्पोतून उतरवताना केशवापुरात एवढी गर्दी झाली की सिटीबस वळसा घालून गेली. बसवाले हे कबूल करणार नाहीत, पण मी स्वतः पाहिलंय. ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. घरी साधा गॅस असला तरी माणसं तेव्हा तो पाहुण्यांना दाखवायची. ही तर अंगणात उभी करायची शेगडी! खाली चाकं, पिंपाएवढं पोट आणि वर कासवाच्या पाठीसारखं झाकण.

मेव्हण्यानं मला तिची रचना समजावून दिली. खाली सिलिंडर जोडायचा. पोटात लोखंडी नळ्या पेटतात. नळ्यांवर भोकाभोकांच्या दगडांचा एक थर पसरायचा. ते तापले की वरच्या जाळीवर मांस भाजायचं. ‘मांस’ हा शब्द त्यानं अंगणात, माझ्या कानाशी लागून सांगितला. घरात आल्यावर त्याचं ‘वांगी’ झालं. एवढं सांगून तो संध्याकाळच्या गाडीनं गेला. रजा संपली होती.

माझ्या आईला सगळी गल्ली अक्का म्हणायची, आम्हीही. अक्कानं शेगडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि निकाल दिला.

“लग्नात घड्याळ दिलं, ते मागे पडतं. मग थर्मास दिला, त्यात चहा गार होतो. आता ही! भाजायला कोळशाची शेगडी आहे की आपली. हिला काय डोक्यावर बसवू?”

ही सगळी यादी माझ्या बायकोच्या माहेरची. ती खाली मान घालून ऐकत होती. पण भावाला लिहिलेल्या पत्रात तिनं मान चांगली वर काढली. दर रविवारी आम्ही अंगणात भाजतो, वास गेला की निम्मी गल्ली जमते, अक्का तर तुझं नाव घेतल्याशिवाय जेवत नाहीत. पत्र तिचंच. मी फक्त वर्णनाला थोडी मदत केली.

प्रत्यक्षात शेगडी शेवग्याच्या झाडाखाली उभी होती आणि एकदाही पेटली नव्हती. जाळीवर सांडगे छान वाळत. झाकणाखाली मांजरीची बाळंतपणं होत. एवढी सोय सरकारी दवाखान्यातही नसेल, असं मांजरीचं मत असावं, कारण ती पुन्हा पुन्हा येत असे.

आणि मार्गशीर्षात मेव्हण्याचं कार्ड आलं. रविवारी येतोय, एक दिवस राहीन, तुमच्या त्या रविवारच्या पंगतीत मलाही बसायचंय.

बायको कार्ड हातात घेऊन उंबऱ्यावरच बसली.

“अहो, दादाला ही अशी दिसली ना, तर तो काही बोलायचा नाही. नुसतं बघेल. आणि मागं उभ्या राहून अक्का त्याचं बघणं बघतील. मग मी या घरात माहेराचं नाव कोणत्या तोंडानं काढू? एकदा, फक्त एकदा मला अक्कांच्या तोंडून माझ्या माहेरच्या वस्तूला चांगलं म्हटलेलं ऐकायचंय.”

आता अक्काच्या तोंडून चांगलं म्हणवून घेणं म्हणजे उणकल तळं वाटीनं उपसण्यातलं काम. पण शेगडी घासणं आपल्या हातात होतं. आम्ही पदर आणि लुंगी खोचून कामाला लागलो.

आधी मांजरीला नोटीस दिली. मग जाळी काढली. तिच्यावर सांडग्यांचे थर असे बसले होते की खरवडून पुन्हा तळता आले असते. नारळाची शेंडी, राख, चिंच, मग रॉकेलचा बोळा, असं करत करत संध्याकाळी खालचं लोखंड दिसलं. बायकोनं झाकण इतकं घासलं की ते उघडताना तिला स्वतःचा चेहरा दिसला आणि ती ओशाळून केस सारखे करायला आत गेली.

खरा घोटाळा नळ्यांत होता. कुंभारीण माश्यांनी आत मातीची अख्खी वसाहत बांधली होती. मी छत्रीची काडी घालून ढोसत बसलो. आतून जी माती निघाली, तीत एक तुळस सहज लागली असती. नळ्यांवरची बारीक भोकं स्टोव्हच्या पिनेनं एकेक मोकळी केली. सिलिंडर जोडला, सांध्यावर साबणाचा फेस लावून पाहिला. बुडबुडा आला नाही. मी विजयी मुद्रेनं कळ फिरवली आणि काडी शोधायला आत गेलो.

झाकण उघडं ठेवून पेटवायचं, असं मेव्हण्यानं सांगितलं होतं. ते मला काडी ओढल्यावर आठवलं. झाकण बंद होतं आणि काडीपेटी सापडेपर्यंत पोटात गॅस भरला होता. जो आवाज झाला, त्यानं अमरगोळच्या बाजारात बैल उधळले आणि कलघटगीकडे लोकांना अवकाळी पावसाचा गडगडाट वाटला. माझी डावी भुवई गेली. बायकोनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग झाकणाला पोचा आलाय का ते पाहिलं. पाहण्याचा क्रम मी सौजन्यानं इथं बदलून लिहिला आहे.

दुसऱ्या खेपेला मात्र निळी, सरळ, शहाणी ज्योत पेटली. बायकोनं टाळी वाजवली. टाळी हवेत असतानाच तिच्या लक्षात आलं.

“अहो, दगड कुठायत?”

दगड नव्हते. त्यांच्याशिवाय ज्वाळा थेट जाळीला लागत होती. वांगं बाहेरून कोळसा आणि आतून कच्चं राहिलं असतं. दगड वेगळ्या पिशवीतून आले होते आणि ती पिशवी त्यानंतर कुणीच पाहिली नव्हती.

आम्ही घर उलथंपालथं करत मोरीपाशी आलो. तिथं अक्का पाटावर बसून पाय धूत होती आणि हातातल्या एका काळपट, भोकाभोकांच्या दगडानं टाच घासत होती.

“अक्का, हा दगड?”

“कुठला? ही वज्री? तुझ्या मेव्हण्याच्या सामानातली. मला वाटलं, वजनाला घातलेत. त्या सगळ्या पसाऱ्यात कामाचं म्हणशील तर एवढंच.”

आमच्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला ज्या भेगा पडतात, त्यांत वासरू अडकतं. बायकांच्या टाचांना पडतात त्यांत, मी म्हणतो, कोंबडी अडकावी. तेव्हा या दगडाची पारख अक्काइतकी मस्कतमध्येही कुणी केली नसेल.

“आणि बाकीचे?” बायकोनं विचारलं.

“बाकीचे कसले? संक्रांतीला वाण म्हणून लुटले नाही का! तू तेव्हा माहेरी. सगळ्या गल्लीला पुरले. अजून नाव काढतात.”

मी म्हणालो, “अक्का, ते परत आणावे लागतील.”

अक्काचा हात टाचेवर थांबला.

“वाण परत? हळदीकुंकू लावून सवाष्णीच्या ओटीत घातलेलं परत मागायचं? अरे, तुझी भुवई गेली की अक्कल?”

बायको अंगणातल्या घासलेल्या झाकणाकडे पाहत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. अक्का एकदा तिच्याकडे, एकदा दगडाकडे पाहत राहिली. मग पाय पुसून उठली.

“परत मागता येत नाही,” ती चप्पल घालत म्हणाली. “उसनं मागता येतं.”

वाटीभर साखर मागावी तशी अक्का दारोदार गेली. “रविवारपुरता तुमचा दगड द्या हो उसना. पाहुणे येतायत.” पाहुण्यांचा आणि टाच घासायच्या दगडाचा संबंध काय, हे गल्लीत कुणीही विचारलं नाही. अक्का मागतेय म्हणजे काहीतरी शास्त्र असेल. फक्त समोरच्या कानडी वकिलीणबाई म्हणाल्या, “अय्य शिवने! अक्कारी, पाहुण्याच्या पायाला एवढ्या भेगा?” आणि दगड देताना बजावलं, “दिवेलागणीच्या आत पाहिजे हं.”

शनिवारी बायकोनं ते सगळे दगड सोडा घालून उकळले, शिकेकाईनं घासले, पुन्हा उकळले, उन्हात वाळवले. तरी एखाद्या दगडाच्या भोकातून मला पायाची आंबेहळद डोळा मारते आहे असं वाटायचं.

रविवारी दादा आला. तडक अंगणात गेला. झाकण उचललं, जाळी सरकवली आणि दगडांकडे पाहतच राहिला.

“अगं, हे नवे घेतलेस की काय? आमच्याकडे महिन्याभरात चरबी बसून काळे ठिक्कर पडतात. टाकूनच देतो आम्ही.”

मी भुवई खाजवली, म्हणजे काजळानं काढलेली भुवई पुसली. मागून अक्काचा आवाज आला, शांत, घरंदाज.

“वस्तू दिली की ती नीट ठेवावी लागते हो. आमच्याकडे रोज घासायची पद्धत आहे.”

दादा गहिवरला. त्यानं स्वतः वांगी मांडली, हिरवी, आमच्या बाजूची. साल तडकलं, धूर वर गेला आणि असं भरीत झालं की काय सांगू! मी पहिला घास घेताना डोळे मिटले होते, दुसऱ्या घासाला उघडले. दादा भाकरीमागून भाकरी मोडत होता. अक्कानं मात्र ताटाला हात लावला नाही. “आज माझी एकादशी,” म्हणाली. पंचांगाला तिनं हे कळवलं नव्हतं.

ऊन उतरू लागलं आणि फाटक वाजलं. वकिलीणबाई आल्या, हातात दगड न्यायला रिकामी वाटी आणि तो पकडायला फडकं. त्यांच्यामागे आणखी एक, मग आणखी एक. दिवेलागणीच्या आत उसनं परत न्यायला सगळी गल्ली अंगणात उभी राहिली. आणि कुणाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, म्हणून अक्कानं वाटीत भरीत घालायला सुरुवात केली. एकेकीला वाटीभर भरीत आणि चिमट्यानं उचललेला एक दगड.

“अय्य, सुडतदरी! भाजतंय की हो!” वकिलीणबाई तापलेला दगड या फडक्यातून त्या फडक्यात नाचवत हसल्या. “भरीत घरी जाऊन खाते हं अक्कारी.”

सगळ्याच जणी घरी जाऊन खाणार होत्या. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी त्या भरिताची माझ्याजवळ फार तारीफ केली. वकिलीणबाईंनी म्हणे स्वतः चाखलंसुद्धा नाही, सगळं त्यांनाच वाढलं.

दादा थक्क होऊन पाहत होता. पत्रातली निम्मी गल्ली त्याच्यासमोर उभी होती, किंबहुना सगळीच.

“अगं, मला वाटायचं तू पत्रात थोडं फुगवून लिहितेस,” तो म्हणाला. “पण या दगड का नेतायत?”

“आमच्याकडची रीत,” अक्का म्हणाली. “शेगडीचा प्रसाद.”

त्यानं मान डोलावली. परदेशात राहणाऱ्या माणसाला गावाकडच्या रीतींबद्दल फार आदर असतो.

संक्रांतीच्या तोंडावर त्याचा एक मित्र सुट्टीवर आला आणि एक जड पिशवी ठेवून गेला. विमानतळावर कस्टमवाल्यांनी म्हणे ती ओतून पाहिली, दगड फोडून पाहिला आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून ‘जा बाबा’ म्हणाले. सोबत दादाची चिठ्ठी: दर रविवारी एवढे प्रसादाला जात असतील तर कमी पडत असतील, म्हणून पाठवतोय.

अक्कानं पिशवीत हात घातला, एक दगड काढला, उजेडात धरला. मोरीत जाऊन टाचेवर दोन हात फिरवून पाहिला. मग तिथूनच बायकोला हाक मारली.

“अगं, ऐकलंस? घड्याळाचं सोड, थर्मासचंही सोड. पण दगड म्हणशील तर तुझ्या माहेरासारखे दगड धारवाडपर्यंत कुणाकडे नाहीत!”

बायको पदराला हात पुसत उंबऱ्याशी उभी होती. हे चांगलं म्हटलं की वाईट, याचा तिनं जरा वेळ विचार केला. मग हसली आणि भावाला पत्र लिहायला बसली. या वेळी तिनं वर्णनाला माझी मदत मागितली नाही.

शेवग्याखाली जाऊन मी झाकण उचललं. मांजर परत आली होती.