कमळाकरचे अकरा डबे

आपण शहापुरात जन्मलो ही देवाच्या हातून झालेली चूक आहे, असं कमळाकर वेखंडेचं मत होतं आणि ते तो भेटेल त्याला ऐकवायचा. अठ्ठ्याण्णव साली त्याने स्टँडमागे संगणकाचा क्लास काढला. क्लास यथावकाश बंद पडला, पण 'सर' म्हणवून घेण्याची सवय काही सुटली नाही. मुंबईच्या कचेऱ्यांनी भंगारात काढलेले संगणक टेम्पोतून आणायचे आणि तीन मेलेल्यांतून दोन जिवंत करायचे, यात मात्र त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. हे आत्ताच कबूल करून टाकतो, कारण पुढे त्याच्याबद्दल बरं बोलायला फारशी जागा मिळणार नाही.

दोन हजार आठ साली पाड्यांवरच्या लोकांना कसत असलेली वनजमीन नावावर करून घ्यायची सोय झाली. कागद कोणाकडे असणार? पुरावा म्हणून म्हाताऱ्यांची जबानी चालत होती. डोंगरवाडी हक्क मंडळाने कमळाकरला कॅमेरा दिला आणि त्याने वर्षभरात एकशेवीस म्हातारे आपापल्या बांधावरून चालताना, बोलताना टिपले. आता हे सगळं ठेवायचं कुठे? मंडळाचे अध्यक्ष भगीरथभाऊ यांना मुंबईसारखा एक मोठा सर्व्हर हवा होता, काचेच्या खोलीतला.

"मोठं मशीन मेलं का सगळंच गेलं, भाऊ," कमळाकर म्हणाला. "आपन जुन्या संगणकांचे साधे डबेच घेऊ. एक जबानी तीन गावांत, तीन डब्यांत ठेवू. एक मेला तरी दोन हायेत. जागा कमी पडली का आनखी एक डबा वाढवायचा. मोठ्या कंपन्या पन असंच करतात."

कल्पना चांगली होती, त्यात वाद नाही. कसाऱ्यापासून आटगावपर्यंत आणि तिकडे मुरबाडच्या वैशाखऱ्यापर्यंत अकरा घरांत अकरा डबे बसले. दर रविवारी कमळाकर पिशवीत डिस्क घालून मोटरसायकलवर फिरे आणि नव्या जबान्या ठरल्या डब्यांत उतरवून डिस्क पुन्हा पुसून मोकळी करी. उन्हाळ्यात कसाऱ्याच्या डब्यात मुंग्यांनी घर केलं, डबा मेला, पण जबानी एकही गेली नाही. त्याने तिथे दुसरा डबा बसवला आणि तेव्हापासून त्याला आवरणं कठीण झालं. दोन महिने तो फक्त मुंग्यांबद्दल बोलत होता.

वैशाखऱ्याच्या वरच्या पाड्यावर बारकीच्या घरी एक डबा होता. तिचा नवरा आधीच वारलेला, सासरा मंगळू ऐंशीच्या पुढचा. त्यांच्या डोंगरउतारावरच्या वरकस तुकड्याची हद्द त्या म्हाताऱ्याशिवाय कोणाला सांगता येत नव्हती. दाव्याची सुनावणी दसऱ्यानंतरच्या सोमवारी होती, आणि ऐन नवरात्रात मंगळू गेला. आता त्याच्या वतीने बोलायला फक्त कमळाकरने घेतलेली जबानी उरली.

कमळाकरला मात्र वेगळीच घाई होती. भगीरथभाऊंना पेपरात फोटो हवा होता: दसऱ्याला शहापूरच्या समाजमंदिरात सगळे डबे एका रांगेत, त्यांची पूजा आणि मध्ये भाऊ. डबे कधी एका जागी आणायचे नाहीत, हा कमळाकरचाच नियम होता. पण फोटोत भाऊंच्या शेजारची जागा त्याची होती, तेव्हा नियम एक दिवस गप्प बसला. त्याने घरोघर फोन केले. "दसऱ्याला हत्यारं पूजेला लावता ना, तसे डबे स्वच्छ करून आना."

"दादा, बाबा जाऊन चारच दिस झालं," बारकी शेजारच्या फोनवरून म्हणाली. "घरात सुतक हाय. पूजेला कसा आनू?"

"अरेरे," कमळाकर म्हणाला, "म्हंजे फोटोत दहाच येनार!"

दसऱ्याला दहा डबे आले, लखलखीत. आपल्या कामाचा लोकांना किती आदर, असं वाटून कमळाकरला भरून आलं. झेंडू चढले, हळदकुंकू लागलं. फोटोत दिवे दिसावेत म्हणून त्याने सगळे डबे एकदम चालू केले. फटाफट आवाज झाले, जळका वास सुटला आणि भगीरथभाऊ माळ हातात घेऊनच बाहेर पळाले.

"असं कसं झालं, सर?" आटगावची धोंडूबाई कळवळून म्हणाली. "कोयत्यासारखा घासून धुतला मी. भोकांतून दोन कळश्या पानी सोडलं. काय काळं निघालं गो बाई!"

बाकी नऊ जणांनीही तेच केलं होतं. पूजेचं हत्यार धुतल्याशिवाय कोण आणतं? डबा कशाकशाने मरेल याचा कमळाकरने वर्षभर विचार केला होता. सगळे एकाच दिवशी त्याचं म्हणणं ऐकतील, हे तेवढं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

रात्रभर खपूनही त्या दहांतला एकही डबा जिवंत झाला नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी तो मोटरसायकलला मॉनिटर बांधून वैशाखऱ्याला गेला. वाटेत त्याने बारकीला सांगायला तीन कारणं तयार केली आणि तिच्या दारात तिन्ही विसरला; बाकीचे डबे धुण्यात गेले, एवढंच कसंबसं सांगितलं. त्याला खरोखर लाज वाटत होती. सुतकाच्या घरात डब्याला कोणी हात लावला नव्हता. वर गोणपाट, कडेला कोळ्याचं जाळं. डबा चालू झाला. आत तेहतीस जबान्या निघाल्या, सत्त्याऐंशी गेल्या होत्या. त्या सत्त्याऐंशींतले नऊ म्हातारे आता हयात नव्हते.

मंगळूची जबानी त्या तेहतिसांत होती. पडद्यावर तो काठी टेकत चढाला लागला आणि एका मोहाच्या झाडापाशी थांबला. "ह्यो मोव माझ्या बापानं राखला. हितून त्या कातळापत आमचं," असं म्हणून तो वळला आणि कमळाकरला म्हणाला, "नीट ठेव रे बाबा."

कमळाकरने मान खाली घातली. "बारके, चुकलं माझं. तुझ्या दुखाला पन आलो नाय मी."

बारकीने पदराने डोळे पुसले.

"बाबा गेला म्हनून ऱ्हायलं, दादा," ती म्हणाली. "नायतर मी पन धुतलाच असता."