आत्याची शेवटची पट्टी

माझी आत्या न्यायालयाच्या ग्रंथालयात होती. काम एकच. कायदा बदलला की छापील पट्टी यायची, ती पुस्तकातल्या जुन्या कलमावर डिंकाने चिकटवायची. तीस वर्षं! सगळे तिला डिंकबाई म्हणायचे आणि ही खुशाल ओ द्यायची.

पाच वर्षांपूर्वी एक पट्टी आली. निवडून आलेल्या सरकारने, सभागृहात हात वर करून, अगदी रीतसर ठरवलं होतं, की नगरपालिकांच्या निवडणुका लांबवल्या तर त्याविरुद्ध कुणालाही न्यायालयात जाता येणार नाही. झालं! आमच्या नगरपालिकेची निवडणूक लांबली ती लांबलीच. आत्याने चाळीस प्रतींत पट्टी चिकटवली आणि त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही. "मेल्यांनी माझ्याच हातून करून घेतलं गं," म्हणाली.

पुढे सरकार बदललं. नवं सरकार जुनं कलम परत आणणार असं कळलं आणि बाईंच्या अंगात आलं! निवृत्ती आली होती महिनाअखेरीला, आणि हट्ट काय, तर "मी झाकलं, मीच उघडणार!"

शेवटचा दिवस उजाडला तरी पट्टीचा पत्ता नाही. चार वाजता निरोप समारंभ. ग्रंथपाल भाषण आवरेचनात, आत्याचा डोळा दाराकडे, आणि मला मेलं हसू आवरेना. पावणेपाचला छापखान्याचा शिपाई धापा टाकत गठ्ठा घेऊन आला. आत्याने पुष्पगुच्छ माझ्या अंगावर फेकला आणि सुटली की! ग्रंथपाल आ वासून बघतच राहिले.

तिने पट्टी मोठ्याने वाचली, डिंक लावला, मुख्य न्यायाधीशांच्या प्रतीत दाबून बसवली.

"अगं आत्या, उलटी लावलीस!"

तीस वर्षांत पहिल्यांदा! आम्ही हसून हसून खुर्च्यांवर कोसळलो. "राहू द्या बाई," ग्रंथपाल म्हणाले, "साहेब मान वाकडी करून वाचतील."

"खबरदार! दुसरी द्या इकडे."

साडेपाचला चाळिसावी प्रत मिटली. पहारेकरी कुलूप घेऊन कुरकुरत उभा होता, त्यालाच तिने मिठी मारली. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

कसलं काय! दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "न्यायालयात ये. साक्षीदार म्हणून तुझी सही हवीये." गेले, तर अर्ज घेतात त्या खिडकीवर ही पहिली उभी. लांबलेली निवडणूक ताबडतोब घ्या, असा अर्ज. आणि कुणाविरुद्ध? नव्या सरकारविरुद्ध!

"अगं, कालच तर त्यांनी कलम परत दिलं! तू मतही त्यांनाच दिलंस ना?"

"दिलं की. म्हणून काय झालं? येऊन सहा महिने झाले, निवडणूक घेतली का त्यांनी?"

खिडकीतला कारकून खुदकन हसला. पाच वर्षांतला असा पहिलाच अर्ज. त्याने ठसठशीत शिक्का मारला आणि रकाना भरायला पेन उचललं.

"परवा आल्या असत्या तर ग्रंथालय लिहिलं असतं. आता काय लिहू, बाई? व्यवसाय?"

"मतदार," आत्या म्हणाली.