मिनिटाला आठ ठोके

मिस्त्रींना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यांनीही ते कधी लपवलं नव्हतं. शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याला सूर ओळखता यावा असा काही कायदा नाही. त्यांना ओळखू यायची ती गती. कारखान्यात चाळीस यंत्रं एकदम धडधडत असताना ते दारातूनच सांगायचे, "तिसऱ्या रांगेतलं खिडकीकडचं मंद चाललंय, पट्टा बघा." पट्टा सैल निघायचा.

बायको लाँड्रीत शर्टांना इस्त्री करायची. मिस्त्री आणि इस्त्री असा संसार, हा विनोद लग्नात पहिल्यांदा झाला आणि पुढे भेटेल त्याने तो आत्ताच सुचल्यासारखा केला.

या बाईंच्या आयुष्यात लग्नाच्या आधीपासून एक विलायती रॉक बँड होता. अख्खा बँडही नव्हे, त्याचा फक्त पहिला अल्बम. मोठ्या भावाने कुणाकडून तरी कॅसेटवर उतरवून आणलेला. दहा गाणी आणि विशीही न गाठलेली चार पोरं. त्या पोरांनी नंतर आणखी सात अल्बम काढले. त्यांच्याबद्दल विचारलं, की बाई दूरच्या नातलगाच्या दुसऱ्या लग्नाबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणायच्या, "काढले असतील." पहिल्याचा विषय निघाला की मात्र हातातली इस्त्री उभी करून ठेवायच्या. "चौथं गाणं ऐकल्याशिवाय मत द्यायचं नाही," हा त्यांचा नियम. लाँड्रीतल्या बाकीच्या तिघींना इंग्रजीचा गंध नव्हता, पण कॉलर, कफ, बाह्या, पाठ हा क्रम त्यांच्या हातात बसला तसाच त्या दहा गाण्यांचा क्रमही बसला होता.

"त्या पोराचा आवाज ऐक," बाई सांगायच्या. "धाप लागलीये, पण थांबायला तयार नाही. सगळं आजच सांगून टाकायचंय त्याला."

"उद्या सांगितलं तर काय बिघडतं?" मिस्त्री विचारायचे.

"तुम्हाला नाही कळायचं."

"मग लाव तुझा गोंगाट," म्हणून मिस्त्री चहाचा कप घेऊन तिथेच बसायचे. असं चौतीस वर्षं चाललं.

मग एका दुपारी टेपरेकॉर्डरने कॅसेट खाल्ली. मिस्त्रींनी चिमट्याने फीत सोडवली, चिकटपट्टीने जोडली, पण ती इतकी चुरगळली होती की गाण्याऐवजी नुसती खरखर ऐकू येऊ लागली. बाई रडल्या वगैरे नाहीत. फक्त काम करताना गुणगुणायच्या, ते थांबलं. घर एवढं शांत असतं, हे मिस्त्रींना तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

"त्यात काय एवढं, आई?" मुलीने फोन काढला. "जगातलं सगळं यात आहे." तिने पहिलं गाणं लावलं.

बाईंच्या कपाळावर आठी पडली. "हा तो नव्हे."

"अगं, तोच आहे. नाव बघ."

"नाव तेच असेल. हा कुणीतरी संसारी माणूस आहे."

मुलीने कुठलंसं बटण दाबून गाण्याचा वेग वाढवला. आवाजाचा जाडेपणा तसाच राहिला, फक्त पोक्त गृहस्थ बस पकडायला धावतोय असं वाटायला लागलं.

मिस्त्रींनी दोष फोनवर ढकलला. महिनाभर भंगारवाल्यांचे उंबरे झिजवून त्यांनी त्या अल्बमची मूळ रेकॉर्ड मिळवली, एक जुना रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त केला आणि एका रविवारी सकाळी सगळं बाईंच्या पुढ्यात मांडलं. बाईंनी एक बाजू पूर्ण ऐकली.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या.

चौतीस वर्षं संसार केलेल्या माणसाला 'छान' आणि 'छान आहे हो' यांतला फरक कळतो. बाईंनी प्लेअरवर एक स्वच्छ रुमाल घातला, आणि आठवडाभर तो कुणी उचलला नाही.

"तुम्ही एवढं केलंत, आणि माझं हे असं," शेवटी त्याच म्हणाल्या. "गाणी तीच आहेत हो. मीच तेव्हाची राहिले नाही बहुतेक. किंवा तेव्हाही त्यात तसं काही नसेल, उगाच वेड घेतलं असेल मी."

मिस्त्रींना हे फार लागलं. गोंगाट म्हणायचा हक्क त्यांचा होता, तिचा नव्हता.

पुढच्या रविवारी दोघं चादरीच्या घड्या घालत होती. दोन टोकं यांच्या हातात, दोन तिच्या. जवळ यायचं, टोकं जुळवायची, मागे सरायचं. तिसऱ्या चादरीला बाई नकळत गुणगुणायला लागल्या. चौथं गाणं. मिस्त्रींनी चादर तशीच धरून ठेवली आणि ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

"अहो, सोडा की!"

"थांब. मिनिटाला एकशे चोवीस ठोके."

"काय?"

ते आत गेले, रुमाल काढून रेकॉर्डवर तेच गाणं लावलं आणि पुन्हा घड्याळ धरलं. एकशे सोळा.

"तुझा काही दोष नाही!" ते आतूनच ओरडले. "ज्या मशीनवर तुझ्या भावाने कॅसेट उतरवली ना, तेच मंद चालत असणार. मंद मशीनवर उतरवलेलं चांगल्या मशीनवर पळतं. गती चढली की आवाजही चढतो, पोरासारखा होतो. तू ऐकलंस ते पळतच होतं."

बाई दारात आल्या. हातात अर्धी घडी.

"म्हणजे एवढी वर्षं मी चुकीचं ऐकलं?"

"जरा लवकर ऐकलंस," मिस्त्री म्हणाले. तोवर त्यांनी प्लेअरची तबकडी काढली होती. मोटरच्या इवल्याशा चाकावर ते चिकटपट्टीचे वेढे देत होते. चाक जाड झालं की तबकडी जोरात फिरते, शिवणयंत्राचंही तसंच. पट्टा चढवला, सुई टेकवली.

धाप लागलेला पोरगा गायला लागला.

बाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. दोन ओळी ऐकल्या, डोळे मिटले, मग एक डोळा उघडला.

"थोडं जास्तच पळतंय."

"किती?"

"केसभर."

मिस्त्रींनी मान डोलावली, सुई उचलली, तबकडी काढली आणि नखाने एक वेढा सोडवला. परत लावलं. यावेळी त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. चौथ्या गाण्यापर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग गुणगुणत उठल्या आणि चादरीची दोन टोकं त्यांनी मिस्त्रींच्या हातात दिली.