सेल्वमनं ब्रेक मारला होता

सेल्वमला मराठी येत होतं.

हे मला काल कळलं. त्याला हार घालताना.

आता तोंड कुठे लपवू, सांगा.

महाराष्ट्रातल्या मित्रांसाठी: आम्ही कुंभकोणमचे मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आणि एखाद्याबद्दल त्याच्यासमोरच काही बोलायचं असेल, तर खुशाल मराठीत. कुणाला कळतंय!

सेल्वम दारासुरमचा, हातमागावर रेशीम विणणारा. माझा दोस्त. केसांना अर्धी बाटली तेल, तोंडात सदा शिवी. मोटारसायकल अशी हाणायचा की मागे बसणारा देवाचं नाव घेत बसे.

ऐंशीच्या दशकात पट्टीश्वरमच्या वाटेवर, एका जुन्या जमीनदाराच्या बंगल्यावर उन्हाळ्यात आमची मोटारसायकलची रेस व्हायची. आमच्या सपाट मुलखात डोंगर कुठला? कोरड्या नदीतून बंगल्याच्या दगडी कमानीपर्यंत जाणारा बैलगाड्यांचा चढ, तेच आमचं हिल स्टेशन.

दोघांनी सुटायचं. कमानीतून आधी जाईल तो जिंकला.

फायनलला मी आणि सेल्वम.

मधे माझे वडील, अप्पा, झेंडा घेऊन. आमचे पूर्वज त्या बंगल्यात कारकून होते, आणि तेवढ्यावर अप्पा ताठ चालायचे. सेल्वमच्या खांद्यावर हात ठेवून, हसत हसत मला म्हणाले,

"ऐक रे. ह्या दारांतून साळी आपल्यापुढें गेला, तर मज तोंड दाखवायास जागा नाहीं. ओसरीवर बसायाचा मनुष्य तो."

सेल्वमही हसला. इकडे आम्हा मराठी लोकांना 'रायर' म्हणतात. तमिळमध्ये म्हणाला, "काय रायर, मला आशीर्वाद देताय का?"

"हो हो," अप्पा म्हणाले.

चढावर तो माझ्या चांगला पुढे होता. कमानीशी त्याची गाडी एकदम थांबली आणि मी आत गेलो.

"इंजिन बसलं डा," म्हणाला. 'डा' म्हणजे आमच्याकडचं 'रे'.

पुढच्या वर्षी रेसला आलाच नाही. का म्हणून विचारलं तर शिवी दिली.

अप्पा मात्र दर दिवाळीला तो किस्सा सांगायचे. मराठीत, साळ्यासकट. सेल्वम समोर बसून कॉफी प्यायचा. आम्ही पोट धरून हसायचो.

मीसुद्धा.

काल हार घालून वळलो, तर त्याची मुलगी म्हणाली, "काका, बसा. कॉफी घ्याल?"

मराठीत. आमच्या घरातल्या जुन्या मराठीत.

"तुज कोणी शिकविलें?"

"माझ्या अप्पांनीं. लहानपणीं आजीबरोबर साड्या द्यायास येत, तेव्हां तुमच्या ओसरीवर बसून ऐकत शिकले."

कसंबसं त्या रेसचं विचारलं.

"इंजिन कोठलें बसतें, काका? ब्रेक मारला. त्या दिवशीं घरीं येऊन जेवले नाहींत, आई सांगते."

"मग कधीं बोलला कां नाहीं?"

"आम्हांसही बोलूं देत नसत. म्हणत, त्यांजपुढें मराठी नको. बिचारे लाजेनें मरतील."

मेलो नाही. कॉफी प्यालो. त्याच्या घरात, आत बसून. त्यांनी मला ओसरीवर बसवलं नाही.

तिरडी उचलली तेव्हा मी दारातच उभा होतो. बाजूला सरलो.

सेल्वम, तुझ्याशी पहिल्यांदाच मराठीत बोलतोय.

तू हो पुढे, डा. ह्या दारातून मी तुझ्या मागून येतो.